कचरूभाऊंचा एक शब्द

मित्रांनो, पडद्यावर चित्र हललं की तुम्ही पडद्याचं कौतुक करता. त्या चित्रामागं कोण राबतं, हे विचारायला कुणाला सवड नसते. राबतो तो मी, कॉम्प्युटरच्या आत बसणारं एक जुनं ग्राफिक्स कार्ड. वीतभर हिरवी पाटी, पाठीवर एकच पंखा आणि पोटात दोन जीबी मेमरी. मी जे सांगणार आहे त्यात थोडी फुशारकी येईल. ती पोटात घाला, कारण पुढचं सांगताना मला मान वर करता येणार नाही.

माझा जन्म परदेशातल्या कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. आठवतं ते जालन्याच्या दुकानातलं काचेचं कपाट आणि मला तिथून घेऊन निघालेले रामप्रसाद. एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती, तरी घनसावंगीपर्यंत त्यांनी माझा खोका मांडीवर धरला आणि शेजारच्या बाईला त्यावर पिशवीसुद्धा टेकू दिली नाही. तिथून पुढं कुंभार पिंपळगावच्या बाजाररस्त्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे व्हिडिओ, शाळेचं गॅदरिंग, वाढदिवसाचे फलक, सगळं तिथंच तयार होतं. मी आलो आणि अख्खा दिवस खाणारी कामं तासा-दोन तासांत उरकू लागली. आलेल्या गिऱ्हाइकाला रामप्रसाद कॉम्प्युटरचा डबा उघडून मला दाखवायचे. अहो, मांडवातल्या नवरदेवाचंही एवढं कौतुक होत नसेल! नऊ वर्षं मी असा मिरवलो.

मग एक दिवस उषाबाई पदराखाली एक जुनी व्हिडिओ कॅसेट घेऊन आल्या. त्या मागच्याच गल्लीतल्या. त्यांचे यजमान कचरूभाऊ आठवडी बाजारात दोरखंड विकायचे, ते गेल्या वर्षी वारले. कॅसेट होती त्यांच्या लेकीच्या, बेबीनंदाच्या लग्नाची. पाठवणीच्या वेळी जीप सुरू झाली, तेव्हा कचरूभाऊ खिडकीत वाकून लेकीला काहीतरी बोलले होते. रडण्यात आणि बँडच्या गोंगाटात तिला ते ऐकूच गेलं नाही. पुढं कितीदा विचारलं, तरी ते नुसते हसायचे आणि विषय बदलायचे. आता वर्षश्राद्धाला ती येणार होती. बाप काय बोलला होता, तेवढं लेकीला ऐकवायचं, एवढीच उषाबाईंची मागणी होती.

कॅसेटला बुरशी धरली होती. ती एकदाच धड चालली, सगळं कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कमध्ये उतरलं आणि आतली फीत तुटून तिचा पार गुंता झाला. म्हणजे आता जे होतं ते त्या एका डिस्कमध्येच. दुसरी प्रत काढायची का, असं रामप्रसादांच्या मनात आलं होतं. पण ते म्हणाले, आवाज साफ झाला की एकदमच पेनड्राइव्हवर घेऊ. आपल्याकडे अशी कामं एकदमच करायची असतात, तुम्हाला ठाऊकच आहे.

मी कचरूभाऊंना पडद्यावर काढलं. डोक्याला फेटा, एक हात जीपच्या दारावर, डोळे भरलेले आणि ओठ हलताहेत. रामप्रसादांनी तो तुकडा शेकडो वेळा लावला, पण कानावर यायचा तो नुसता ढोल. मित्रांनो, माझं काम चित्राचं, आवाज माझ्या हातात नसतो. शेवटी त्यांची लेक अर्पिता सुट्टीला आली. ती इंजिनिअरिंग शिकते. गोंगाटातून माणसाचा आवाज गाळून काढणारं एक सॉफ्टवेअर तिनं आणलं. मी अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावलं, पंखा भणभणला, आणि पडद्यावर अक्षरं उमटली की निदान सहा जीबीचं कार्ड लागेल. त्या अक्षरांची चित्रंही मलाच काढावी लागली.

अर्पितानं कागदावर दोन रकाने आखले, एक माझा, एक घ्यायच्या नव्या कार्डाचा. मेमरी माझी दोन जीबी, त्याची बारा. आत बसून गणितं सोडवणारे बारके गडी माझ्याकडं सहाशे चाळीस, त्याच्याकडं साडेतीन हजारांच्या वर. पंखे त्याला दोन. मी साठ वॅट वीज खातो, तो एकशे सत्तर. माझ्यासमोर बसून हे सगळं मोठ्यानं वाचलं, बरं का!

"कुठंच बराबरी न्हाई, पप्पा," ती म्हणाली.

"न्हाई ना. पण नऊ वर्षांत त्यानं एकदा बी दगा न्हाई दिला," रामप्रसाद म्हणाले. त्या एका वाक्यावर मी आजवर जगतोय.

विजेच्या ओळीवर मात्र दोघं थबकले. आमच्या भागात वीज म्हटली की माणूस आधी भार मोजतो. डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, पाण्याच्या मोटारी किती, सगळ्या एकदम सुरू केल्या तर झेपतील का, हे इथं पोराटोरालाही कळतं. रामप्रसादांनी दिवे, पंखा, प्रिंटर यांची बेरीज केली आणि इन्व्हर्टरला झेपेल असं ठरवलं. वायरमन राधेश्यामनं येऊन बोर्ड तपासला, वायर चाचपली आणि बिलकुल काळजी करू नका म्हणून सांगितलं. हिशेब अगदी बरोबर होता, पण तो भिंतीपर्यंतचाच. आमच्या डब्याच्या कोपऱ्यात एक पेटी असते, बाहेरून आलेली वीज आम्हा सगळ्यांना वाटून देणारी. ती जुनी होती, हलकी होती. समोर कापसाचं खरेदी केंद्र, त्यामुळं नऊ वर्षांचा कापूस तिच्या पंख्यावर बसला होता. मी तिचा शेजारी, तिची धग मला रोज लागायची. कागदावर तिच्या नावाचा रकानाच नव्हता.

नवा आला. चांगला लांबरुंद, दोन पंखे गरगरवत माझ्या जागी बसला. मला कागदात गुंडाळून फळीवर ठेवलं. तिथून मी काय केलं सांगू? मी त्याच्या नावानं बोटं मोडली. एकदा तरी बंद पड रे, तुझी एवढी ऐट उतरू दे, असं मनात घोकत बसलो. कचरूभाऊंचा आवाज त्याच्याच हातात आहे, हे मला सुचलंसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी काम सुरू झालं. ढोल हळूहळू मागं सरला. झालेला तुकडा अर्पितानं लावला आणि वीस वर्षांपूर्वीचा एक घोगरा आवाज खोलीत आला, "बेबे..." रामप्रसाद खुर्चीतून उठलेच. पुढचा तुकडा तयार होत होता. तेवढ्यात कोपऱ्यातल्या पेटीतून फट्ट असा आवाज झाला, जळका वास सुटला आणि पडदा काळा पडला.

पेटी जळाली. जाताना डिस्कला घेऊन गेली आणि नव्यालाही. राधेश्यामनं पेटी उघडली तेव्हा आतून उशीत भरावा एवढा कापूस निघाला. डिस्क जालन्याला नेली, तिथून पुढं मोठ्या शहरातही पाठवली. काही निघणार नाही म्हणून सगळ्यांनी मान हलवली. नवी पेटी आली आणि तिच्याबरोबर मला पुन्हा जागेवर बसवलं. मी मागितलं होतं तेच मिळालं, मित्रांनो. या जागेवर बसताना मला पहिल्यांदा जड वाटलं.

रामप्रसादांनी उषाबाईंना सगळं सांगितलं, ऐकू आलेलं ते एक "बेबे"सुद्धा. चूक माझीच, मी पेटीचा विचारच केला नाही, असं अर्पिता पुन्हा पुन्हा म्हणत होती. उषाबाईंनी तिला जवळ घेतलं.  मग त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

"यानं पाह्यलं होतं ना त्यायला?"

"पाह्यलं होतं, मावशी."

"मंग याच्यातून न्हाई निघत का?"

"त्याच्यात उरत न्हाई काही. लाइट गेली की कोरं होतं," रामप्रसाद म्हणाले.

खरंच आहे ते. माझ्या दोन जीबीत काही उरत नाही आणि नव्याच्या बारा जीबीतही उरलं नसतं. आम्ही कितीही थोर असलो, तरी फक्त दाखवणारे.

मित्रांनो, जुन्या-नव्याची तुलना खुशाल करा, माझा आता राग नाही. पण रकाने आखाल तेव्हा कोपऱ्यात मुकाट तापणाऱ्यासाठीही एक ओळ ठेवा आणि महिन्यातून एकदा त्याच्या अंगावरून ब्रश फिरवा. आणि घरात जे एकच आहे, त्याची दुसरी प्रत आजच काढा. एकदमच करू, असं म्हणू नका.

वर्षश्राद्धाला बेबीनंदा आली. दोघी मायलेकी स्टुडिओत आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. बाप काय बोलला होता, असं तिनं विचारलं. उषाबाईंकडं सांगायला एकच शब्द होता, तो त्यांनी सांगितला. तो तर तिला पाठच होता. कचरूभाऊ तिला जन्मभर त्याच नावानं हाक मारत होते.