मधली पायरी

मित्रांनो, मी चर्चच्या घंटेच्या मनोऱ्यातली शिडी. वय विचारू नका. माझ्या मागून आलेल्या शिड्या केव्हाच चुलीत गेल्या, मी मात्र अजून भिंतीला टेकून उभी आहे. त्याचे मला आता फारसे सुख वाटत नाही.

मला एका यहुदी सुताराने घडवले. माणूस मोठा खमक्या! पायऱ्या ठोकून झाल्या की तो स्वतः एकेका पायरीवर चढून धपाधप उड्या मारायचा. मला पोचवायला आला तेव्हा इथल्या पाद्रीबाबांनी विचारले, "टिकेल ना हो?"

"देवाची इच्छा असेल तर," तो म्हणाला आणि त्याने सगळ्यांसमोर पुन्हा एकदा चढून उडी मारली. "पण देवावर सोपवायच्या आधी मी माझं बघून घेतो."

माझ्यावरून रोज चढायचे ते घंटावाले दादा. सकाळ-संध्याकाळ वर जाऊन ते घंटा वाजवत. चढताना मला थोपटून म्हणायचे, "चल गं म्हातारे, देवाला हाक मारू." त्यांची बायको वेदीवरची कापडे धुवायची आणि त्यांचा धाकटा भाऊ चर्चचा कारभारी होता. सगळे घर देवाच्या चाकरीला लागलेले. ते दिवस फार चांगले होते.

मग मनोऱ्यात माझ्या वरच असलेल्या खिडकीची काच फुटली. पावसाचे पाणी नेमके माझ्या मधल्या पायरीवर ठिबकू लागले आणि ती आतून कुजली.

"अरे, मधली पायरी हलतेय," दादांनी भावाला सांगितले.

"करतो ना दादा. देवाची इच्छा असेल तर सोमवारी."

सोमवार आले आणि गेले. मित्रांनो, कारभारी वाईट नव्हता. पण ते शब्द त्याच्या जिभेवर इतके रुळले होते की एकदा उच्चारले की काम झाल्यासारखेच त्याला वाटे. शेवटी त्याने पायरीला सुतळी गुंडाळली. पुढे पाद्रीबाबा चर्चमधल्या वस्तूंना आशीर्वाद द्यायला आले, तेव्हा माझ्यावरही पवित्र पाणी शिंपडले गेले. आधीच कुजकी पायरी, त्यात आणखी पाणी! कारभाऱ्याने हात जोडले आणि तो म्हणाला, "आता काळजी नाही."

दादा ती पायरी ओलांडून चढू लागले. "जपून हं," बायको रोज बजावायची.

एका संध्याकाळी, घंटा ज्या दांड्यावर झुलते त्याला तेल द्यायचे होते. दादांच्या एका हातात तेलाचा डबा होता, लक्ष वर होते. पाय मधल्या पायरीवर पडला. मी जीव खाऊन करकरले. पण जुन्या शिडीची करकर कोण मनावर घेतो? पायरी मोडली. दादा खाली फरशीवर पडले ते उठलेच नाहीत.

त्या संध्याकाळी घंटा वाजली नाही. त्यावरूनच त्यांच्या बायकोला कळले. इस्त्री तशीच टाकून ती धावत आली.

दफनाच्या दिवशी जो तो तिला म्हणत होता, "देवाची इच्छा." कारभारीही रडत रडत पुढे आला. "वहिनी, देवाची इच्छा. आपल्या हातात काय असतं?"

तिने त्याच्याकडे पाहिले. "हातोडा असतो, भाऊजी. तुमच्या कपाटात होता."

ती ओरडली नाही. पण मनोऱ्याच्या दारापर्यंत ते स्पष्ट ऐकू आले.

दुसऱ्या दिवशी कारभाऱ्याने पायरी बदलली. शेजारी ठेवलेला चहा निवायच्या आत काम झाले. मग तो त्याच नव्या पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. मला त्याचा राग होता, तरी त्या वेळी त्याची कीव आली.

आता घंटा दुसराच माणूस वाजवतो. रविवारी प्रार्थना सुरू होते, "तुझी इच्छा पूर्ण होवो" ही ओळ येते आणि सगळे ती मोठ्याने म्हणतात. फक्त दोन आवाज मध्येच थांबतात. एक वहिनीचा, एक भाऊजींचा. इतकी वर्षे मी ही प्रार्थना ऐकते आहे, ते दोन आवाज मला लगेच ओळखू येतात.

मित्रांनो, घरात, शाळेत काही हलताना, करकरताना दिसले तर देवाचे नाव अवश्य घ्या. पण आधी हातोडा घ्या. मला हात नाहीत. तुम्हाला आहेत.