शिंगाळ्याचे तीन काटे

बावीस वर्षं मासे साफ करणाऱ्या बाईला शिंगाळ्यानं काटा मारावा, म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्यानं बादलीत बुडावं. पण दमलेल्या हाताला कुठली आलीय अक्कल? घाईत तिनं मासा शेपटीकडून धरला आणि काटा अंगठ्यात गेला. गरम पाण्यात हात बुडवून ठणका उतरला, सूज राहिली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, आठ दिवस हात ओला करायचा नाही. मासळी बाजाराचा नियम असा, की साफ करणारीचा ओटा सलग तीन दिवस रिकामा दिसला की यादीतल्या पुढच्या बाईचा.

दोन दिवस गेले होते. आज तिच्या जागी नवरा बसला होता, विज्ञानाचा निवृत्त मास्तर. ती मागे उपड्या क्रेटवर, बँडेजचा हात मांडीवर घेऊन.

"शेपटीचा पर पुढे ढकलतो," तो गिऱ्हाईक बाईंना सांगत होता. "छातीचे पर वळायला, थांबायला. पाठीवरचा तोल सांभाळतो."

"त्याचा तोल केव्हाच गेलाय," ती म्हणाली. "तुमचा सांभाळा, ओटा निसरडा आहे."

बाई हसल्या आणि त्यांनी पिशवीतून नेमका शिंगाळा काढला. त्याच वेळी बाजाराचा मुकादम हजेरीची वही घेऊन समोर उभा राहिला.

"मास्तर, हे काम आहे हं. तास नाही घ्यायचा."

नवऱ्याचा हात माशावर नुसताच थांबला. तिचा दुखरा हात आपोआप उठला.

"तू बस," तो मागे न बघता म्हणाला.

"डोक्याकडून शेपटीकडे हात न्या," ती पुटपुटली. "उलटा नको. मेला तरी काटा ताठच असतो. फडक्यानं डोकं दाबा, आधी कात्री, मग सुरी."

कट. पाठीवरचा. कट, कट. बाजूचे दोन. तेवढ्या वेळात तिनं पाच मासे केले असते. मुकादमानं वहीत खूण केली आणि तो पुढे सरकला.

नवऱ्यानं तिन्ही काटे कागदात घट्ट गुंडाळले. हे तिनं सांगितलं नव्हतं.

"हे कुठून शिकलात?"

"झाडणाऱ्या मावशींना टोचू नये म्हणून तू गुंडाळतेस ना? डबा द्यायला यायचो, तेव्हा बघायचो."

"मला वाटायचं, मासे बघताय."

"मासे काय, पुस्तकातही होते."

ती दमली होती. अजून पाच दिवस काढायचे होते.

"पुढचा घ्या," ती म्हणाली आणि पाठ भिंतीला टेकून तिनं डोळे मिटले.