उबवाल्याभोवती फिरणारी पृथ्वी

कुनबोलोतच्या घराण्याने जमीन फारशी मिळवली नव्हती; आभाळ मात्र नावांमध्ये वाटून घेतलं होतं. तो स्वतः कुनबोलोत, म्हणजे सूर्य आणि पोलाद. त्याचा भाऊ आयतुगान, चंद्र उगवताना जन्मलेला. थोरला मुलगा जिल्दिझबेक, ताऱ्यांचा सरदार. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! सूर्य उन्हं अंगणात आली तरी घोरत पडलेला असे, चंद्र व्होडका ढोसून गोठ्यात आडवा होई, आणि ताऱ्यांच्या सरदाराला स्वतःची मेंढरंसुद्धा ओळखता येत नसत. धाकटी सून बुरुल हे सगळं लग्न झाल्यापासून बघत होती आणि मनातल्या मनात त्या अख्ख्या आकाशमंडळावर थुंकत होती.

तोंडाने मात्र अवाक्षर नाही. सुनेने सासरच्या वडीलधाऱ्या पुरुषांचं नाव घ्यायचं नसतं, आणि नावात दडलेला शब्दही उच्चारायचा नसतो. त्यामुळे या घरात पाऊल टाकल्यापासून बुरुलने सूर्याला सूर्य म्हटलं नव्हतं. तो ‘उबवाला’. चंद्र ‘फिकट पाहुणा’. तारे ‘लुकलुके’. नारीन शहरातल्या कॉलेजात वर्षभर भूगोल शिकलेल्या बाईची ही तऱ्हा! तिला सासऱ्याची चीड यायची, पण त्याहून जास्त स्वतःची.

तिची मुलगी बेगिमाय तिसरीत होती आणि निसर्ग या विषयात दोनदा आपटली होती. नवरा कामासाठी रशियात. घरातला शब्द म्हाताऱ्याचा. त्याने निकाल आधीच लावून टाकला होता. “या खेपेला लटकली तर शाळा बंद. वर कुरणावर जाऊन कुरुत वळू दे. वाळल्या दह्याच्या गोळ्यांना अक्कल लागत नाही.”

म्हणून बुरुल तिला घरीच शिकवायला बसली. जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानाच्या मधोमध तिने चहाची किटली ठेवली.

“हा उबवाला. हा जागचा हलत नाही. हा बटाटा म्हणजे आपली पृथ्वी, आणि ही जर्दाळूची बी म्हणजे फिकट पाहुणा. फिरव बघू.”

बेगिमायने बटाटा किटलीभोवती नेला. “आणि तो स्वतःभोवतीपण गिरकी घेतो ना? ही बाजू किटलीकडे आली की सकाळ?”

“शाब्बास गं माझी बाय!”

“बटाटे शिकवतेय!” दारासमोरच्या मानाच्या जागेवरून कुनबोलोत खेकसला. “त्यापेक्षा उकडून वाढ. आणि चहा ओत.”

बुरुल निमूट उठली, किटली उचलून त्याच्यापर्यंत गेली आणि त्याचा कप भरला.

“आई, तू उबवाला हलवलास!”

“चहासाठी हलतो,” बुरुल म्हणाली, आणि ते उत्तर तिचं तिलाच टोचलं.

परीक्षा तोंडी होती. बेगिमायने सगळ्या वर्गासमोर खणखणीत सांगितलं की पृथ्वी उबवाल्याभोवती फिरते आणि फिकट पाहुणा पृथ्वीभोवती. वर्ग खो खो हसला. साबिरा बाईंना वाटलं, पोर एक तर चेष्टा करतेय, नाहीतर मंद आहे. वास्तविक त्याही कुणाच्या तरी सूनच. त्यांना कळायला हवं होतं. पण त्यांच्या सासऱ्याचं नाव ताशबाय, म्हणजे दगड. त्यांची अडचण दगडापुरतीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या घरी आल्या. कुनबोलोतने त्यांना आपल्या शेजारी बसवलं. तळलेल्या पिठाचे, साय लावलेले बोरसोक खात त्या म्हाताऱ्याला म्हणाल्या, “अताके, वाईट वाटून घेऊ नका, पण मुलीच्या डोक्यात काही शिरत नाही.”

“आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?” म्हातारा बुरुलकडे बघून हसला. “जाऊ दे कुरणावर.”

बुरुल दाराजवळ बसली होती, सुनेच्या जागी. तिने मान वर न करता बाईंना म्हटलं, “एजेके, एकदा, माझ्यासमोर विचारा.”

बाईंनी बोटं पुसली. “बरं. पृथ्वी कशाभोवती फिरते?”

“उबवाल्याभोवती,” बेगिमाय पुटपुटली.

“त्याला नाव आहे की नाही? सगळा वर्ग घेतो ते. तुझीच दातखीळ का बसते?”

बेगिमायने आईकडे पाहिलं. डोळे काठोकाठ भरले होते. “आई नाही घेत ते नाव. मी घेतलं तर चोंग अता मरतील.” तिने आजोबाकडे बोट केलं.

बुरुलला भयंकर लाज वाटली. सबंध हिवाळाभर तिने पोरीला ग्रहगोल शिकवले होते, आणि त्यांच्यासोबत स्वतःची भीतीही पाजली होती. कुणासाठी? मिशीला साय लागलेल्या या माणसासाठी?

“कुन,” ती मोठ्याने म्हणाली. “कुन म्हणजे सूर्य, बेगिमाय. कुनबोलोतमधला कुन. आयतुगानमधला आय म्हणजे चंद्र. जिल्दिझबेकमधला जिल्दिझ म्हणजे तारा. झालं. बघ, मेलं का कुणी?”

बेगिमायने आजोबाकडे निरखून पाहिलं. बोरसोक घशात अडकल्यामुळे तो लाल झाला होता, पण चांगला जिवंत होता.

“निर्लज्ज!” तो ओरडला. “पाहुण्यांच्या समोर!”

पण पोरीची गाठ सुटली होती. सूर्य, पृथ्वी, चंद्र, सकाळ कशी होते, उन्हाळा का येतो, सगळं तिने एका दमात सांगितलं. बटाटा नसताना हातानेच फिरवून दाखवलं. साबिरा बाईंची नजर दस्तरखानावर खिळली. “पास,” त्या हळूच म्हणाल्या. “अताके, हिला शाळेतच येऊ द्या.”

म्हाताऱ्याने रिकामा कप बुरुलच्या दिशेने धरला. “चहा!”

सवयीने बुरुलचा हात दस्तरखानाच्या मधोमध ठेवलेल्या किटलीकडे गेला. तो पोचायच्या आधीच बेगिमायने झाकणावर आपला तळवा ठेवला.

“चोंग अता, सूर्य जागचा हलत नाही. तुम्हीच इकडे या.”

बुरुलने पुढे केलेला हात मागे घेतला.