लेकीच्या लग्नादिवशी रांगेत

थोरल्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षी आमच्या कंपनीतले निम्मे ड्रायव्हर सोडून गेले. रोज सकाळी आवारात शिरलो की उभ्या गाड्या दिसायच्या. ट्रक नवे, टायर नवे, चालवायला माणूस नाही. मालक म्हणायचे, "मामा, असून अडचण म्हणतात ती हीच."

मला सगळी कंपनी मामाच म्हणायची. उमेद होती तोवर ट्रक चालवला. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा मालकांनी मला ऑफिसात घेतलं. कुठली गाडी कुठे पाठवायची ते माझ्याकडे. त्या कामापुरतं लिहायला-वाचायला मी धाकट्या लेकीकडून शिकलो.

मालकांनी पगार वाढवले, केबिनमध्ये पंखे बसवले, तरी माणूस टिकेना. चालवून कोणी फारसं दमत नाही. ड्रायव्हर दमतो तो उभ्या गाडीत. माल घेऊन कारखान्याच्या गेटवर जायचं आणि आत बोलावतील तोवर रांगेत बसायचं. आत ठेवायला जागा नसली की आमची गाडी हेच त्यांचं गोदाम, तेही फुकट. दिवस जातो, कधी दोन जातात. गाडी सोडून हलता येत नाही, कारण माल आपल्या भरवशावर असतो. रांगेतून बाहेर काढली तर पुन्हा शेवटी. घरी मूल तापाने फणफणलेलं असलं तरी बाप तिथेच बसलेला असतो, आणि घरच्यांना वाटतं हा फिरतोय.

जे थोडे टिकले त्यांत एक लांब्या. उंच, कमी बोलणारा, गाडी लेकरासारखी जपणारा. डबा द्यायला येणाऱ्या माझ्या धाकटीशी मात्र तो भरपूर बोलायचा, हे मला सगळ्यांत शेवटी कळलं. बाकीचे ड्रायव्हर हसून म्हणाले, "मामा मामा म्हणत तुम्हाला खराच मामा बनवला की हो!"

बायको थोरलीचं बाळंतपण उरकून आली आणि हे ऐकून उभीच राहिली. "ड्रायव्हर? एक केला तेवढा पुरे झाला."

तरी तिने लांब्याला घरी बोलावलं. तो खुर्चीत कसाबसा मावला.

"घरी कधी असतोस?" तिने विचारलं.

"असतो की, मामी."

"कधी, ते विचारलं."

"गाडी रिकामी झाली की."

"म्हणजे तुझं घर कारखानेवाल्यांच्या हातात."

धाकटी मध्ये पडली, "आई, तू नाही का केलास संसार?"

"मी केला. तुझे बाबा मधूनमधून येऊन बघून जायचे."

मी चहाच्या कपात तोंड घातलं.

शेवटी बायको म्हणाली, "लग्न साधं, नोंदणीच्या कचेरीत. पण त्या दिवशी हा वेळेवर उभा राहिला पाहिजे. लग्नाला जो येत नाही तो पुढे कशाला येतोय? नाही आला, तर हा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही." ती बोलली म्हणजे दगडावरची रेघ. धाकटीला ते माहीत होतं, मलाही.

कचेरीने गुरुवार दिला, दुपारची वेळ. मंगळवारी मोठ्या कारखान्याला पोचवायचा माल निघाला आणि न्यायला कोणी नव्हतं. मालकांनी लांब्यापुढे हात जोडले. "जवळचीच फेरी आहे रे. बुधवारी सकाळी मोकळा होशील." लांब्याने माझ्याकडे पाहिलं. दुसरा माणूस माझ्याकडे असता तर मी दिला असता. लांब्या गेला.

गुरुवारी सकाळी त्याचा फोन आला. "मामा, अजून रांगेतच आहे. आत माल उतरवायचं यंत्र बंद पडलं होतं. आता चालू झालंय, पण पुढे गाड्याच गाड्या."

"सोड गाडी आणि ये."

"माल टाकून? मालकांकडे हे एकच मोठं गिऱ्हाईक उरलंय. मामींना काय सांगू?"

कपडे घातले, स्कूटरची किल्ली घेतली. बायको दारात आडवी आली. "अहो, निघालात कुठे? आज?"

"जावई आणायला."

चाळीस वर्षं ड्रायव्हरची बायको होती ती. "त्याच्या जागी कोण बसणार?"

मी चपला घालत राहिलो.

"आणि मुलीचा बाप?"

आतून धाकटी बाहेर आली. डोळे भरलेले, पण म्हणाली काय, "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, बाबा. माझं नाक तर चांगलं सरळ आहे." मग तिनेच माझा इस्त्री केलेला सदरा पिशवीत घालून दिला. "त्याच्याकडे धड कपडे नसतील."

गेटवर पोचलो तेव्हा लांब्या दाढी वाढलेल्या तोंडाने स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता. मी सांगितलं, "उतर." त्याला काही समजेना. पुढच्या गाडीच्या ड्रायव्हरला मात्र सगळं लगेच समजलं. त्याने साबण आणि वस्तरा आणला आणि लांब्याला पायरीवर बसवून ट्रकच्या बाजूच्या आरशासमोर त्याची दाढी केली. मागच्याने पाणी दिलं. माझा सदरा त्याला चढला, पण बाह्या कोपराशी येऊन थांबल्या.

"नवरदेव वाढत्या अंगाचा दिसतोय!" कोणीतरी ओरडलं. सगळी रांग हसली.

लांब्या स्कूटरवर बसला, पुन्हा उतरला. "मामा, तुमचीच मुलगी आहे. तुम्ही जा, मी..."

"मी गेलो तर तिचं लग्न कुणाशी लावू? जा!"

तो गेला. मी केबिनमध्ये चढलो. सीट इतकी मागे केलेली की माझे पाय पोचेनात. ती पुढे ओढली. रांग एक गाडीभर सरकली, मी एक गाडीभर सरकलो.

गेटवरचा वॉचमन आला. "ड्रायव्हर बदलला?"

"लग्नाला गेला."

"कुणाच्या?"

"स्वतःच्या."

"मग तुम्ही कोण?"

"मुलीचा बाप."

"अहो, मग इथे काय करताय?"

"तुमचीच वाट बघतोय."

तो आत जाऊन साहेबांशी बोलला, हात हलवत परत आला. नंबर बदलता येत नाही, नियम आहे. पण त्याने स्वतःच्या डब्यातलं अर्धं जेवण मला आणून दिलं आणि मी जेवेपर्यंत पायरीशी उभा राहिला. त्याचा तरी काय दोष.

दुपार झाली. इंजिन बंद करून फोन मांडीवर ठेवला. ट्रकच्या सीटवर मी अशा पुष्कळ दुपारी काढल्या होत्या, पण ही काही केल्या सरेना. फोन वाजला तसा पहिल्याच घंटेला उचलला.

"बाबा, झालं," धाकटी म्हणाली. "तो धावत आला. आईने त्याच्या बाह्या बघितल्या आणि इतकी हसली! तुमच्या जागी साक्षीदार म्हणून मालकांनी सही केली."

"रडू नकोस," मी म्हणालो.

"मी नाही रडत, बाबा. तुम्ही रडताय."

संध्याकाळी गाडी रिकामी करून घरी पोचलो. मालक अजून बसले होते. बायको त्यांना वाढत होती आणि मधूनमधून ऐकवत होती. "भावजी, मुलीच्या बापाला रांगेत बसवून लग्न लावलंत. असं कुणाच्या घरी झालंय का?" मालक खाली मान घालून जेवत होते. मला बघून उठले, माझे दोन्ही हात धरले. मग लांब्याला म्हणाले, "उद्यापासून तुला जवळच्याच फेऱ्या."

लांब्या हळूच म्हणाला, "मालक, ही जवळचीच होती."

मालक हसायला गेले, पण हसू आलं नाही. "खरं आहे," म्हणाले. "ट्रक घेता येतो मला. माणूस ठेवता येत नाही."

लांब्याने महिनाअखेरीला नोकरी सोडली आणि शहरात पाण्याचा टँकर चालवायला लागला. संध्याकाळी घरी. मालकांनी अडवलं नाही. उलट ते त्या मोठ्या कारखान्यात गेले आणि आमची गाडी दिवसभराहून जास्त उभी राहणार नाही म्हणून सांगून आले. कारखान्याने काम दुसऱ्याला दिलं. काही ट्रक विकावे लागले. वेळेवर माल उतरवून घेणारी लहान गिऱ्हाइकं तेवढी उरली. गेलेल्यांतले दोघे-तिघे परत आले. बाकीचे आले नाहीत, आणि मी कुणाला बोलवायलाही गेलो नाही.

लग्नाच्या रात्री सगळे झोपायला गेल्यावर बायको मला म्हणाली होती, "तुम्ही नव्हता तिथे, पण आज पहिल्यांदा मला राग नाही आला."

बायको वारली ती धाकटीला मुलगी झाली त्या वर्षी, हिवाळ्यात, एका मंगळवारी सकाळी. मी घरी होतो. लांब्याही होता.