ओर्लाच्या आईची गोष्ट

"इंगेलिसे, अगं ओर्ला आलीये! जिना चढतेय," ऑफिसातला प्रेबेन धापा टाकत म्हणाला. "पुतळी काढ बाहेर."

इंगेलिसेने कपाटातली बक्षिसाची काचेची पुतळी काढून टेबलावर ठेवली.

देशाच्या संगीत पुरस्कारांत परदेशी गायिकेसाठी वेगळं बक्षीस असतं, पण ते घ्यायला गायिका सहसा कोपनहेगनला फिरकत नाही. तिच्या रेकॉर्ड कंपनीचं कुणीतरी मंचावर जातं, गायिकेचा निरोप वाचतं आणि टाळ्या घेऊन उतरतं. या कंपनीत सोळा वर्षं ते काम निळ्या पोशाखातल्या इंगेलिसेकडे होतं. ऑफिसात तिला सगळे 'आमची परदेशी गायिका' म्हणून चिडवत.

गेल्या वर्षी ते बक्षीस ओर्लाला मिळालं, पण तिचा निरोप आलाच नाही. समोर भरलेलं सभागृह. इंगेलिसेच्या तोंडून निघून गेलं, "ओर्ला म्हणते, माझी आई लोकांचे जिने पुसायची. पुसताना गायची. हे बक्षीस तिचं." लोक उभे राहिले. दुसऱ्या दिवशी ते पेपरात छापून आलं.

जिने पुसायची ती इंगेलिसेची आई. ऑफिसात मात्र तिने आई शिक्षिका होती असंच सांगितलेलं. शाळेत असताना एकदा मैत्रिणींबरोबर जिना चढताना आई बादली घेऊन समोर आली, आणि इंगेलिसेने मान फिरवली. आईला काय ते कळलं. परक्या मुलीला सांगावं तसं ती म्हणाली, "कडेनं जा हं, ओलं आहे." त्यावर दोघी पुढे कधीच बोलल्या नाहीत.

ओर्ला आत आली. पुतळीकडे तिने पाहिलंही नाही.

"मी भांडायला नाही आले," ती म्हणाली. "माझी आई मला दोन वर्षांची टाकून गेली. आता जाईन तिथे लोक तिच्याबद्दल मायेनं विचारतात. मी आपली हसते. मला एवढंच सांगा, ती बाई कोणाची आई होती?"

दारात प्रेबेन कान टवकारून उभा होता.

"कोणाचीच नाही," इंगेलिसे म्हणाली. "मी रचली. माफ करा."

"असं होय," ओर्ला हळूच म्हणाली. "मला वाटलं होतं, कुणाची तरी असेल."

पुतळी काखेत मारून ती निघाली. इंगेलिसेला शरमेनं मान वर करवेना. मग काय वाटलं कोण जाणे, ती धावत जिन्याच्या तोंडाशी गेली. पायऱ्या नुकत्याच पुसल्या होत्या. खरं सांगायला तिने तोंड उघडलं.

"कडेनं जा हं," ती म्हणाली. "ओलं आहे."