पाऊण भरलेला खोका

मी एक जुना, पुठ्ठ्याचा खोका आहे. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. जगाची ओळख झाली ती लिबियातल्या त्रिपोली शहरात, दोमेंगकाकांच्या दुकानात. आमच्या फिलिपिन्सच्या लोकांना खोके विकायचे आणि भरून झाले की ते समुद्रमार्गे घरोघरी पाठवायचे, हा त्यांचा धंदा. तिथून एर्लिंदाने मला घेतलं. ती नवरा गेलेली बाई. सात वर्षं एका इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होती, आणि तिची मुलगी लिगाया गावी ओटोनला नणंदेकडे वाढत होती.

मित्रांनो, आमच्यात रीत अशी की परदेशी गेलेल्याने घरी खोका पाठवायचा, आणि तो गच्च भरूनच पाठवायचा. उचलून हलवला तर आत काही वाजता कामा नये. दोमेंगकाका प्रत्येक खोका हलवून बघत. आतून आवाज आला की म्हणत, "खोका आहे की खुळखुळा? घेऊन जा परत." मग पोकळ जागेत टॉवेल कोंबावे लागत.

पाच महिने मी एर्लिंदाच्या पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो आणि हळूहळू भरत होतो. साबण, चादरी, डबाबंद मांस, बिस्किटं. लिगायाने कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीने त्याची कड काढून पाठवली होती. तो कागद दुकानात नेऊन घेतलेले लाल बूटही आले. प्रत्येक वस्तूवर चिकटपट्टी आणि तिच्यावर ती ज्याला द्यायची त्याचं नाव. तिच्या खोलीत राहणारी जोवेलिन रोज चिडवायची, "ताई, खोका भरतेस की गाव वसवतेस?" मला मात्र भारी वाटायचं. एवढी माणसं माझ्या पोटात राहत होती ना.

त्या उन्हाळ्यात शहरात दोन गट एकमेकांवर उठले. आधी लांबून धडधड ऐकू यायची, मग जवळून. विमानतळ बंद झाला. इस्पितळातून येताना बायका भिंतीला धरून चालू लागल्या. आमच्या वकिलातीचा माणूस वसतिगृहात येऊन सांगून गेला की बुधवारी जहाज आहे, यायचं त्यांनी यादीत नाव लिहा आणि सोबत एकच पिशवी घ्या.

एर्लिंदाने नाव लिहिलं. खोलीत आली, माझ्यात डोकावली. मी पाऊण भरलो होतो. दोमेंगकाका खोके न्यायला गुरुवारी येणार होते. ती खाली गेली आणि यादीतलं नाव खोडून आली.

"ताई, जहाज साबणासाठी थांबत नसतं," जोवेलिन म्हणाली.

"दुसरं जहाज पुढच्या आठवड्यात आहे म्हणतात. तोवर हा भरून रवाना करते. सात वर्षांत मी एकदाही पोकळ खोका पाठवलेला नाही. फेली काय म्हणेल?"

"जिवंत आलीस बाई, एवढंच म्हणेल."

"तू माझ्या नणंदेला ओळखत नाहीस."

दोघी हसल्या. बुधवारी जोवेलिन गेली. जाताना तिने मला पायाने हळूच ढोसलं आणि म्हणाली, "हिला सोड रे बाबा." मला तोंड असतं तर तेव्हाच सांगितलं असतं की जा बाई, मी काही कुठे पळून जात नाही.

गुरुवारी दोमेंगकाका आले नाहीत. त्यांचा फोन आला. पुलाजवळ मातीचे ढिगारे टाकून रस्ता अडवला होता आणि बंदराला कुलूप होतं. "खोका राहू दे, पोरी. स्वतःला सांभाळ," एवढं म्हणेपर्यंत फोन तुटला. दुसरं जहाज आलंच नाही.

वसतिगृहात चार नर्स उरल्या. बाहेर पडायची सोय नव्हती. खिडक्यांना गाद्या लावल्या होत्या आणि एर्लिंदा खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा घालायची. लिगायाशी फोन लागला की सांगायची, "इकडे सगळं ठीक आहे," आणि फोन ठेवला की माझ्यावर बसून पाय हलवत राहायची. तिचा तो हलणारा पाय मला अजून जाणवतो.

तिसऱ्या दिवशी तांदूळ संपला. तिने माझं झाकण उघडलं आणि मांसाचा एक डबा काढला. त्यावर तिच्या भावाचं नाव होतं. "रोमुलो, माफ कर रे," म्हणून तिने तो फोडला आणि चौघींनी वाटून खाल्ला. मग रोजच कुणाची ना कुणाची माफी मागणं सुरू झालं. शेवटी बिस्किटं निघाली तेव्हा ती म्हणाली, "फेली, तुझी बिस्किटं चालली. आता बोल काय बोलायचं ते." बाकीच्या तिघी इतक्या हसल्या की त्यातल्या एकीला रडू फुटलं.

इस्पितळाचा म्हातारा फाटकवाला मिलूद मागच्या गल्लीने दिवसाआड पाव आणि पाणी आणायचा आणि काही घ्यायचा नाही. एर्लिंदाने त्याच्या हातात लाल बूट ठेवले.

"मुलीचे आहेत ना? ठेव, बाई."

"मिलूदकाका, मी पोचेन तेव्हा तिला हे होणार नाहीत. तुमच्या नातीला द्या."

मित्रांनो, खरं सांगतो, ते बूट गेले तेव्हा मी घाबरलो. आपण घरी पोचू असं तिला वाटत नाही की काय, अशी शंका मला आली. माझ्यातल्या डब्यांवर चौघी जगल्या म्हणून मी फुशारकी मारावी, तर मुळात तिला अडकवलं कुणी होतं? मीच ना.

बाराव्या दिवशी वकिलातीची बस आली, खुष्कीच्या मार्गाने ट्युनिशियाच्या हद्दीकडे जाणारी. मी तोवर पूर्ण रिकामा झालो होतो. एर्लिंदाने मला सपाट केलं आणि काखेत मारलं.

"हे काय आता?" बसवाल्या अधिकाऱ्याने विचारलं.

"बसायला."

हद्दीवर हजारो माणसं तिष्ठत होती. कामगार, नर्सा, लेकुरवाळ्या बाया. तीन दिवस आम्ही धुळीत काढले. दुपारी मी चौघींच्या डोक्यावर सावली धरली.

आमच्या गावाजवळच्या विमानतळावर अख्खी आळी जीपनी, म्हणजे आमच्याकडची लांबलचक प्रवासी जीप, भाड्याने करून आली होती. एर्लिंदा बाहेर आली ती एक पिशवी आणि सपाट मी, एवढं घेऊन. फेलीबाईंनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "एवढ्या लांबून रद्दी आणलीस होय?" म्हणाल्या, आणि तिला इतकी घट्ट धरली की सुटेचना.

हे असंच राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण आमच्याकडे नर्सा ढीगभर आणि नोकऱ्या मूठभर. दहा महिन्यांनी एजंटाने दुसऱ्या देशातलं एक शहर सांगितलं. तिथे सगळं शांत आहे म्हणाला. त्रिपोलीबद्दलही असंच सांगितलं होतं.

मित्रांनो, तुमचं कुणी परमुलखात राबत असेल तर त्याला 'काय पाठवतोस' असं विचारू नका. 'कधी येतोस' विचारा. रिकाम्या हातांनी आला तरी दार उघडं आहे, हे त्याला वेळेवर सांगा. आमच्या घरात ते कुणी सांगितलं नव्हतं.

निघायच्या दिवशी लिगायाने आईला विचारलं, "तिकडे भांडण सुरू झालं तर पहिल्या जहाजाने येशील?"

"येईन."

"खोका भरला नसला तरी?"

एर्लिंदाने पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाली, "तरी येईन."

"मग लिहून दे."

एर्लिंदाने जाड पेनाने माझ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: 'पहिल्याच जहाजाने येईन. आई.' लिगायाने मला खिळे ठोकून भिंतीवर लावलं.

आज सकाळी रेडिओवर लढाईच्या बातम्यांत त्या नव्या शहराचं नाव आलं. फेलीबाईंनी हातातलं काम टाकून आवाज वाढवला. लिगाया माझ्यासमोर उभी आहे आणि ते वाक्य मोठ्याने वाचते आहे. वाचून झालं की पुन्हा पहिल्यापासून वाचते आहे.