मागच्या बाजूचा शेरा

“सही कुठे करायची ते नंतर सांग. कशावर करतेय ते आधी कळू दे,” मी म्हणाले.

“आत्या, नुसता फाइल बघायचा अर्ज आहे. आजोबांच्या मृत्युपत्राचं कोर्टात काम चाललं होतं ना, त्याची फाइल. त्यातल्या पक्षकारांपैकी हयात तुम्हीच.”

“मी कसली पक्षकार? मला कोणी काही कळवलं असेल तर ना!”

भाचीने अर्ज माझ्यापुढे सरकवला. माझ्या धाकट्या भावाची ही थोरली मुलगी. भाऊ जाऊन दोन वर्षे झाली. मी तेव्हाही भेटायला गेले नव्हते. आणि आता ही अचानक उगवली होती. म्हणे घराण्याची वंशावळ लिहायची आहे, कोर्टाच्या जुन्या कागदांत नावे, तारखा, पत्ते सगळे सापडते. मला काही ते पटले नव्हते. वडिलांचे घर विकायला काढले असणार आणि माझ्या सहीवाचून अडले असणार. शिवाय ती मला तुम्ही-तुम्ही करत होती. सख्ख्या आत्याला एवढा मान देणारी माणसे मला संशयास्पद वाटतात.

तरी तिच्याबरोबर कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये आले. चाळीस वर्षे मी सगळ्यांना सांगत आले होते, की भावाने मला अंधारात ठेवून घर गिळले. ते एकदा कोर्टाच्या कागदावर बघायचे होते, आणि तिलाही दाखवायचे होते.

अर्ज तीनदा वाचला. माझ्याच पेनने सही केली, पेन पर्समध्ये टाकले आणि पर्स मांडीवर धरून बसले.

रेकॉर्ड कीपर नाकाला रुमाल बांधून गठ्ठा घेऊन आला. “जपून हं, मावशी. उंदरांनी निम्मे वारस कमी केलेत.”

मृत्युपत्र वरच होते. वडिलांचे उजवीकडे झुकलेले अक्षर. माझे नाव नसणार, हे धरूनच मी वाचत होते. चौथ्या परिच्छेदात ते होते. ‘अंगणाकडची खोली माझ्या मुलीची. ती येवो न येवो, खोली तिचीच राहील.’

“तुला माहीत होतं हे,” मी भाचीला म्हटले.

“नाही हो, आईशप्पथ!” ती त्या ओळीकडे बघतच राहिली. “पण ती खोली बाबा आम्हाला वापरू द्यायचे नाहीत. आम्ही तिघं भावंडं एका पलंगावर, आणि ती रिकामी. विचारलं की म्हणायचे, ‘दिलेली आहे.’ आम्ही कित्येक वर्षं भाडेकरूची वाट बघत होतो.”

“मग मला सांगायला काय झालं होतं त्याला? जीभ झडली होती?”

तिने पान उलटले. माझ्या नावाची नोटीस होती, पत्ताही बरोबर.

“बघ. नोटीस लिहिली आणि फायलीत ठेवून दिली. पोचल्याची खूण दाखव मला.” मी एकतीस वर्षे पोस्टात रजिस्टर पत्रांच्या खिडकीवर काढली. पोचलेला कागद कसा दिसतो, हे मला कोणी शिकवायला नको.

“उलटा तो कागद, मावशी,” रेकॉर्ड कीपर म्हणाला. “नोटीस घेऊन जाणारा बेलिफ मागच्या बाजूला शेरा लिहितो.”

मागे फिकट शाईत पाच ओळी होत्या. ‘सदर बाई समक्ष भेटल्या. नोटीस न वाचताच घेण्यास नकार दिला व दार लावले. सबब प्रत दारास डकवली.’ खाली साक्षीदार म्हणून माझ्या शेजारणीची सही.

“नाकारलं की ते परत जातं,” मी म्हणाले. “पाठवणाऱ्याकडे. मग विषय संपला.”

“ते पोस्टात,” रेकॉर्ड कीपर म्हणाला. “इथे नाकारलं म्हणजे मिळालं.”

माझी स्मरणशक्ती चांगली आहे. वडील गेले त्या दिवशी भावाच्या शर्टाचे तुटलेले बटणसुद्धा मला आठवते. तो कागदही आठवत होता. ओले फडके दाबून दाबून मी तो दारावरून खरवडला होता. त्याबरोबर दाराचा हिरवा रंगही निघाला. नवऱ्याने विचारले तेव्हा ओल आली म्हणून सांगितले. भावाने चारचौघांत माझी लाज काढायला माणूस पाठवला होता, अशीच ती आठवण मी इतकी वर्षे जपली होती. कागदावर काय लिहिले आहे, ते तेव्हाही वाचले नाही.

“त्याने पुन्हा एकदा विचारायचं होतं,” मी म्हणाले. आवाज माझा मलाच लहान वाटला.

“बाबा एवढंच म्हणायचे, ताईला नको असेल.”

रेकॉर्ड कीपरने नकलेचा अर्ज पुढे केला. “कुठल्या पानांची नक्कल हवी?”

“मृत्युपत्राची,” भाची म्हणाली. “तेवढी पुरे.”

“आणि नोटिशीची,” मी म्हणाले. “मागच्या बाजूसकट.”

“आत्या, ते कशाला वंशावळीत?”

“असू दे. माझ्या नावाखाली लाव.”

चष्मा मी डबीत ठेवला होता. तिच्याच हातातले पेन घेतले आणि तिने बोट ठेवले तिथे सही केली.

“अगं आत्या,” ती म्हणाली, “वाच तरी.”